जर्सी घालणाऱ्याची, जर्सी बघणाऱ्याची

सकाळी साडेसात

शटर वर केलं की पहिलं बटण रोटोचं. आत तापणारा जाड रूळ आणि त्याला बिलगून फिरणारा फेल्टचा पट्टा असं हे आमचं मशीन, आणि ते दोनशे अंशांच्या आसपास पोचेपर्यंत दुसरं काही करता येत नाही. तेवढ्यात मोबाइलवर रात्री आलेले निरोप वाचून होतात.

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन चालू असला की निरोपांना झोप नसते. शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, तिच्या मागोमाग वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा, आणि मैदानात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ. इथं कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल अंगाखांद्यावर खेळवला, त्यामुळं बाहेरच्या माणसाला संघांची यादी वाचून कुस्तीचं मैदान ठरलंय असं वाटतं.

आज एका तालमीच्या बावीस जर्सी चारच्या आत द्यायच्यात. साइजची यादी मॅनेजरनं, कॅप्टननं आणि दोन हितचिंतकांनी वेगवेगळी पाठवलीय. एका पोराचा साइज पहिल्या यादीत एल, दुसरीत डबल एक्सएल, तिसरीत नुसतं ‘नेहमीचा’. मी फोन करत नाही. फोन केला की पाचवी यादी येते.

साडेआठ

प्लॉटरमधून निघणारा कागद बघून नवीन गिऱ्हाईक हमखास नाराज होतं. लाल विटका, निळा राखाडी, सगळी अक्षरं उलटी. ‘दादा, रंग उडालाय की.’ थांब म्हणायचं. तो कागद आणि त्याखाली पांढरं पॉलिस्टर असं दोन्ही रुळात शिरतं, आणि पलीकडून कागद सोलून घेतला की खाली लालभडक कापड. उष्णतेनं कागदावरच्या रंगाची थेट वाफ होते, पॉलिस्टरचा धागा तापून सैलावलेला असतो, वाफ आत शिरते आणि कापड थंड झालं की आतच कोंडली जाते. बोट फिरवा, छपाई हाताला लागत नाही. सुती कापडावर हे जमत नाही. तिथं रंग नुसता वर बसतो आणि दोन धुण्यांत जातो.

फुटबॉलच्या जर्सीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे काही बदललं, त्यातलं सगळ्यात मोठं मला हेच वाटतं. आधी नंबर शिवायचे, मग रबरी नंबर चिकटवायचे. घामानं भिजले की पाठीला ओझं. सब्लिमेशन आलं आणि नंबर, पट्टे, नक्षी, जाहिरात सगळं बिनवजनाचं झालं. मेक्सिकोचा गोलकीपर होर्हे काम्पोस १९९४च्या विश्वचषकात जे भडक सदरे घालून उतरला, त्यांची कल्पना त्याची स्वतःची. आमच्याकडं अजूनही गोलकीपरला ‘काम्पोस टाइप’ पाहिजे असतं; मागणाऱ्या पोराचा जन्म २००८चा असतो.

मशीनला कळ तीनच : ताप, दाब आणि वेळ. वेळ कमी पडला तर रंग अर्धाच उतरतो. ताप जास्त झाला तर रंग सुंदर येतो आणि धागा मरतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. २०१६च्या युरो स्पर्धेत लील शहरात स्वित्झर्लंड–फ्रान्स सामना झाला. कुणी जरा ओढलं की स्विस खेळाडूंच्या जर्सी टराटर फाटत होत्या. खेळाडू बदलून येतायत, पुन्हा फाटतायत, सगळं जग बघतंय. जर्सी प्यूमाच्या. कंपनीनं नंतर खुलासा केला की कापडाच्या एका लॉटमध्ये धागा उत्पादनातच खराब झाला होता. ताप, दाब आणि वेळ यांचं गणित सुटलं की असं होतं. ती बातमी वाचून मी उगाचच सुखावलो होतो. एवढी मोठी कंपनी, पण अडकली ती आमच्याच तीन कळांत.

म्हणून प्रत्येक लॉटमधला एक तुकडा दोन्ही हातांत धरून आडवा-उभा ताणून बघायचा. आजचा चांगला आहे. मास्टर पाठ, समोर, बाह्या सुट्या कापायला घेतात.

दहा

कापडाचा गठ्ठा आला. आमच्या शेजारी इचलकरंजी, अख्खी वस्त्रनगरी, पण तिथलं कापड मागावरचं. जर्सीला लागतं ते विणीचं, म्हणजे निट, आणि ते लुधियाना, सुरत, तिरुपूरकडून येतं. गिऱ्हाईक त्या सगळ्याला ‘ड्राय-फिट’ म्हणतं. ते नायकेचं व्यापारी नाव आहे, पण आता कुठल्याही पॉलिस्टरला लागलंय.

पॉलिस्टर घाम पीत नाही, तेच त्याचं काम. विणीच्या बारीक फटींमधून घाम बाहेरच्या अंगाला ओढला जातो आणि तिथं वारा लागून उडतो. गंमत अशी की हे सगळं वारा असला तरच. मार्च-एप्रिलच्या दुपारी स्टेडियमवर वारा पडलेला असतो, आणि तेव्हा कुठल्याही नावाचं कापड पाठीला चिकटतंच. म्हणून मी बगलेत आणि पाठीच्या पन्हाळीत जाळीचं कापड लावतो. मोठ्या कंपन्या हेच एका विणीत, मध्ये शिवण न घेता करतात : जिथं घाम जास्त तिथं वीण विरळ, जिथं ओढाताण जास्त तिथं घट्ट. ते मशीन आमच्या आवाक्यातलं नाही, पण त्यामागची अक्कल फुकट आहे. मी एकदा जुन्या, घामानं पांढरे डाग पडलेल्या जर्सी मागवल्या, टेबलावर पसरल्या आणि डाग बघून जाळी कुठं लावायची ते ठरवलं.

उलटी उदाहरणंही आहेत. २००२च्या विश्वचषकात मोठ्या कंपन्यांनी दोन थरांच्या जर्सी काढल्या : आतला थर घाम ओढणार, बाहेरचा सुकवणार. कागदावर झकास. पण जपान-कोरियाच्या दमट उन्हाळ्यात अंगावर दोन कपडे! ती कल्पना पुढं फार टिकली नाही. त्याच वर्षी कॅमेरूननं आफ्रिकन चषकात बिनबाह्यांची जर्सी घातली आणि चषक जिंकला. विश्वचषकात मात्र फिफानं ती चालू दिली नाही, तेव्हा खालून काळ्या बाह्या जोडल्या. दोन वर्षांनी त्यांनी सदरा-चड्डी एकत्र शिवलेला पोशाख आणला. फिफानं पात्रता फेरीतले सहा गुण कापले, पुढं परत दिले. कुस्तीच्या मॅटवर तसला पोशाख रोज बघणाऱ्या कोल्हापूरकराला यात एवढं चिडण्यासारखं काय, ते कळणार नाही.

साडेअकरा

दुसऱ्या एका मंडळाची पोरं डिझाइन ठरवायला आली. इथं माझा खरा वाद सुरू होतो. पोरांना पाठीवर वाघ पाहिजे, छातीवर पुरस्कर्त्याचं नाव, त्याखाली पेठेचं नाव, एका बाहीवर छत्रपती, दुसऱ्या बाहीवर नेत्याचा फोटो. आणि या गर्दीत कुठंतरी नंबर.

‘नंबर किती मोठा?’ मी विचारलं.

‘बसंल तेवढा घाला की दादा.’

नंबर खेळात आला तोच ओळख पटावी म्हणून. २५ ऑगस्ट १९२८ला आर्सेनल आणि चेल्सी हे संघ इंग्लंडच्या लीगमध्ये पहिल्यांदा नंबर लावून उतरले. १९३३च्या एफए कप अंतिम सामन्यात तर एका संघाला १ ते ११ आणि दुसऱ्याला १२ ते २२ होते. फिफाच्या आजच्या नियमात पाठीवरचा नंबर २५ ते ३५ सेंटिमीटर उंच लागतो. वाघाला किती जागा, हे नियमात नाही.

पोरांनी मोबाइलवर फिकट राखाडी जर्सी दाखवली. त्यावर नंबर पांढरा, कडेला बारीक सोनेरी रेघ. फोटोत देखणी. मी त्यांना मँचेस्टर युनायटेडची गोष्ट सांगितली. एप्रिल १९९६, साउदॅम्प्टनविरुद्ध. युनायटेड राखाडी जर्सीत, मध्यंतराला ३–० मागं. मॅनेजर फर्ग्युसननं सगळ्यांना जर्सी बदलायला लावली आणि उत्तरार्धात संघ निळ्या-पांढऱ्यात उतरला. सामना ३–१नं गेलाच, पण त्याचं म्हणणं होतं की उन्हात, मागच्या गर्दीच्या रंगात आपलेच साथीदार पोरांना दिसत नव्हते. ती राखाडी जर्सी घालून युनायटेड एकही सामना जिंकली नाही. रस्त्यावर जीन्सवर ती झकास दिसली असती.

‘पण फर्ग्युसन हरलेला म्हणून बोलला असंल,’ त्यातला एकजण म्हणाला. कोल्हापूरच्या पोरांना गोष्ट सांगून गप्प करता येत नाही. पण मुद्दा खरा आहे. पास देणारा मान वर करतो आणि क्षणभरात त्याला डोळ्याच्या कडेला आपला रंग सापडायला लागतो. २०१८च्या विश्वचषकाचा पहिलाच सामना रशिया–सौदी अरेबिया, लाल विरुद्ध हिरवा. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत अशा प्रेक्षकांनी तेव्हा तक्रार केली. असे लोक थोडे नाहीत. युरोपात साधारण दर बारा पुरुषांत एक. मैदानातही त्यातला एखादा असणारच, आणि तो कुणाला सांगणार नाही. माझ्याकडं यावर उपाय साधा आहे : डिझाइन झालं की स्क्रीन कृष्णधवल करून बघायचं. त्यात नंबर उठून दिसला तरच छापायचं. कृष्णधवल टीव्हीच्या काळात सगळ्या जगाला हे कळत होतं, रंग आल्यावर विसरले.

शेवटी वाघ पोटावर गेला, नेता बाहीवर राहिला, पाठ मोकळी झाली.

एक

मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक मॅडम आल्या. त्यांनी नमुन्याची चड्डी टेबलावर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला. ‘दादा, पांढरी नको. पोरी अर्धं लक्ष मागं ठेवून खेळतात.’

इंग्लंडच्या मुलींनी २०२२मध्ये हेच उघड बोलून दाखवलं, आणि २०२३च्या विश्वचषकात त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याखाली निळी चड्डी आली. न्यूझीलंडनंही पांढरी सोडली. नायकेनं त्या स्पर्धेसाठी चड्डीच्या आत पाळीच्या दिवसांसाठी शोषणारं पातळ अस्तर दिलं. इतकी वर्षं पुरुषांचाच संच लहान करून मुलींना दिला जायचा. नायकेनं महिला विश्वचषकासाठी म्हणून वेगळ्या जर्सी केल्या त्या थेट २०१९ला. गल्लीतल्या धंद्याची रीतही तीच : पुरुषांचा पॅटर्न एक साइज उतरवला, झाली मुलींची जर्सी. खांद्यात लोंबते, कमरेत अडते, गळा वाकलं की उघडा पडतो.

मॅडमनी चड्डी उलटी केली आणि नखानं दाखवलं : मधली शिवण इथं आहे, ती एवढी मागं घ्या, इथं तिकोनी तुकडा घाला. त्या कापड शिकलेल्या नाहीत, पण पंधरा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या कॅटलॉगात मिळालं नसतं. ओव्हरलॉकवरच्या काकू मशीन थांबवून ऐकत होत्या. ‘अस्तर काळं लावा आणि डबल,’ त्या मधेच म्हणाल्या, ‘आणि नाडी आतनं घ्या.’ तिकोनी तुकड्याची चड्डी उद्या नमुन्याला कापायची ठरली. दर ठरला नाही. अस्तराचा पैसा कुठून काढायचा, हे मॅडमनाही माहीत नाही आणि मलाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, संघात दोन मुली डोकं झाकून खेळतात, त्यांचं काही होईल का. होईल. २०११मध्ये इराणच्या मुलींना डोक्यावरच्या आवरणामुळं ऑलिंपिक पात्रता सामना सोडून द्यावा लागला होता, कारण गळ्याला फास बसेल अशी भीती होती. मग ओढलं की आपोआप सुटणारी आवरणं आली. एका डच डिझायनरनं त्यावर बरंच काम केलं, आणि २०१४ला नियम बदलला. त्यात लागतं ते फक्त ताणणारं कापड आणि वेल्क्रो. दोन्ही माझ्या कपाटात आहेत.

अडीच

डबा. भाकरी, वांगं, आणि मास्टरांच्या घरचा ठेचा. सतरा जर्सी शिवून झाल्यात.

तीन

पेठेतला एक पोरगा बाहेरच्या शिबिराला जाऊन आलाय. आपला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या पोरांची नजर लांब गेलीय. याला पाठीवर खिसा असलेलं ते आखूड बनियन पाहिजे. मित्र त्याला काय म्हणून चिडवतात, ते इथं लिहीत नाही. खिशात बसतो जीपीएसचा डबा. दोन फऱ्यांच्या मधेच का? तिथून आकाश मोकळं दिसतं आणि पळताना तो भाग कमीत कमी हलतो. सामन्यात असली साधनं घालायची मुभा नियमकर्त्यांनी २०१५मध्ये दिली. धाव किती, वेग किती, कुठं दमला, हे प्रशिक्षकाला कळतं. बनियन शिवणं अवघड नाही. घट्ट पाहिजे, पण श्वास अडायला नको. मी होकार दिला. डबा मात्र त्यानंच आणायचा.

‘दादा, जर्सीतच चिप बसवली तर?’

प्रयोगशाळेत होतं ते. वीज वाहणारा धागा विणता येतो, हृदयाचे ठोके मोजता येतात. पण आमची जर्सी पावडरीत रात्रभर भिजते, दगडावर आपटते आणि पिळून पत्र्यावर वाळते. जो धागा हे सोसेल तो मला दाखवा, मी उद्या लावतो. आणि मला असंही वाटतं की कपड्यात चिप घालायची वेळ येण्याआधीच कॅमेऱ्यांनी ते काम उरकलं. २०२२च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते आणि ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चिप होती ती चेंडूत, सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारी. पोर्तुगाल–उरुग्वे सामन्यात रोनाल्डो हात वर करून गोल आपलाच म्हणत होता. चेंडूतल्या चिपनं सांगितलं, केसही लागला नाही. गोल ब्रुनो फर्नांडिसच्या नावावर राहिला. पोरगा रोनाल्डोचा भक्त. त्यानं विषय बदलला.

साडेचार

बावीस जर्सी घेऊन स्टेडियमवर. सामना दुसऱ्या संघांचा आहे, पण मॅनेजर इथंच भेटतो. पाकीट अर्धं दिलं, अर्धं ‘स्पर्धा झाल्यावर’.

पुढच्या पायरीवर बसलो की कपडा समजतो. मावळतीचं ऊन समोरून येतं, आणि त्यात पिवळ्यावरचा पांढरा नंबर दिसेनासा होतो. ती जर्सी माझ्याकडची नाही, हे मी शेजारच्याला न विचारता सांगितलं. कॉर्नरला दोघांनी एकमेकांच्या जर्सी मुठीत धरल्या होत्या. इटलीनं युरो २०००ला काप्पाची अंगाला चिकटलेली, ताणली जाणारी जर्सी घातली ती याचसाठी : धरायला हाताला काही सापडू नये, आणि ओढलंच तर रेफ्रीला लांबून दिसावं. आमच्याकडं ती चालणार नाही. ज्यांची पोटं सुटलीत असे सीनियर खेळाडू ती ऑर्डरच रद्द करतील.

पण आज माझं लक्ष मोज्यांवर होतं. डाव्या बगलेवर खेळणाऱ्यानं मोज्याच्या पोटरीला मागून भोकं पाडली होती. इंग्लंडच्या वॉकर, बेलिंगहॅम, साकानंही हेच केलंय. मोजा इतका घट्ट की पोटरी आवळते, मग कात्री. दुसऱ्यानं मोज्याचा पाय घोट्यापाशी कापून टाकला होता, आत रबरी ठिपक्यांचा ग्रिप मोजा आणि वरून चिकटपट्टी. नियम असा की ती पट्टी मोज्याच्याच रंगाची पाहिजे. याची तपकिरी, पार्सलवरची. शिनगार्ड बिस्किटाएवढं. नियमात शिनगार्ड सक्तीचं आहे, आकार दिलेला नाही.

मोज्याची एवढी कापाकापी का? कारण मोजा विकणारा आणि घालणारा कधी एकमेकांशी बोललेच नाहीत. पोटरीला जाळी, घोट्यापाशी जोड, खाली ग्रिप असा तीन तुकड्यांचा मोजा संच म्हणून मिळाला, तर कात्री लागणार नाही. मध्यंतराला मी त्या डाव्या बगलेवाल्याला गाठलं. ‘भोकं कुठं पाडतोस, नीट दाखव.’ त्यानं पाय वर केला. मी फोटो काढला. मागं बसलेल्यांना वाटलं, मी त्याचा पंखा आहे.

सात

परत दुकानात. काकू झाडून काढतायत. कापणीतल्या चिंध्यांचं पोतं पुन्हा भरलं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपना मशीन पुसायला चिंध्या लागतात, पण त्यांना पाहिजे सुती. पॉलिस्टर ओल पीत नाही. घामाच्या वेळी जो गुण, तोच इथं आडवा येतो.

मोठ्या कंपन्या याला उत्तर म्हणून बाटल्या दाखवतात. २०१०च्या विश्वचषकात नायकेच्या जर्सी जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांपासून, एका जर्सीला आठपर्यंत. २०१६मध्ये बायर्न आणि रिआल माद्रिद समुद्रकाठच्या प्लॅस्टिकपासून केलेल्या आदिदासच्या जर्सी घालून खेळले. चांगलं आहे, पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकत होती. जर्सी झाली की पुढं सहसा वाट नाही. जर्सीपासून जर्सी करायची तर रंग काढा, लवचीक धागा वेगळा करा, पॉलिस्टर मुळापर्यंत सोडवा. प्यूमानं त्या दिशेनं जुन्या कपड्यांपासून चाहत्यांच्या जर्सी करायला सुरुवात केलीय. आणि दुसरीकडं एकेक मोठा क्लब दर हंगामाला तीन-तीन नव्या जर्सी काढतो. त्या काढायला खेळाडूंनी सांगितलं नव्हतं.

पेठेतल्या संघांची जर्सी मात्र मरत नाही. पहिल्या संघाची दुसऱ्याला, दुसऱ्याची शाळेतल्या पोरांना, मग कुणाच्या तरी वडिलांच्या मोटारसायकलवर. पोतं मी कोपऱ्यात सरकवलं. त्यातल्या लांब चिंध्या सराव-बिब्सना नाड्या म्हणून चालतात, काकूंनी त्या आधीच वेगळ्या ठेवल्यात.

साडेआठ

मॅनेजरचा फोन. जर्सी लई भारी झाल्यात, पोरं खूश आहेत, फक्त एक अडचण आहे. संघात कालपासून नवीन फॉरवर्ड आलाय आणि त्याला दहा नंबर पाहिजे. जुना दहावाला सोडायला तयार नाही.

‘मग?’

‘दोघांना दहा केला तर?’

‘रेफ्री उतरवू देणार नाही.’

‘एकाला बारीक शून्य घाल की मर्दा.’

मी त्याला शंभर नंबर सुचवला. तो हसला नाही. विचारून सांगतो म्हणाला. रोटो बंद केलं नव्हतं, तेवढं बरं झालं.